टाकाऊतून टिकाऊ : एका बाटलीच्या निमित्ताने

(हीरक महोत्सवी वर्षातील माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात झालेल्या व्याख्यानाची संहिता)



मराठी शाळेत शिकलेल्या कोणासमोरही ‘टाकाऊतून टिकाऊ’ हे शब्द उच्चारले, की त्याच्या डोळ्यांपुढे एक लांब टेबल उभे राहते. टेबलावर पांढरी चादर. चादरीवर आइस्क्रीमच्या काड्यांचे घर, आगपेट्यांचा सोफा, करवंटीचे कासव, अंड्याच्या टरफलाचा विदूषक, जुन्या लग्नपत्रिकांच्या पाकिटांची चळत. प्रत्येक वस्तूपुढे इयत्ता, तुकडी आणि हजेरी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी. झाशीच्या छावणीतले टेबलही याहून निराळे नव्हते. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत त्या टेबलावरचे मधले, मानाचे स्थान मात्र एका नव्या पाहुणीने घेतले आहे. ती म्हणजे प्लास्टिकची बाटली. तिची फुलदाणी होते, पेनांचा स्टँड होतो, गल्ला होतो, झुंबर होते, दाराचे तोरण होते. या बाटलीविषयी आज थोडे सांगायचे आहे, आणि ते सांगताना ‘टिकाऊ’ या शब्दाकडे जरा बारकाईने पाहायचे आहे.

हा शब्दप्रयोग शाळांनी रूढ केला. त्यामागची रीत मात्र घरातली आहे. लुगडे जुने झाले की त्याची गोधडी होई किंवा बाळाचे मऊ दुपटे होई. तेही विरले की दाराशी पायपुसणे, आणि अगदी अखेरीस चुलीपाशी पोतेरे. जे कपडे यातूनही उरत ते बोहारणीकडे जात. बोहारीण ओसरीवर ठाण मांडून बसे, आणि चार जुन्या साड्या व दोन पँटींवर एक पातेले सोडवून घेण्यासाठी घरातल्या मोठ्या बाईला तासभर घासाघीस करावी लागे. या साऱ्या व्यवहाराला कोणी मोठे नाव दिले नव्हते. त्या लुगड्याने प्रत्येक जन्मात काही ना काही काम केले आणि ते पुरते झिजल्यावरच घराबाहेर गेले, एवढे खरे.

शोभेची हौस त्या घरांना नव्हती, असे मुळीच नाही. चैत्रगौरीची आरास हे तर आपल्याकडचे सर्वांत जुने गृहप्रदर्शन. पायऱ्या मांडायच्या, त्यावर बाहुल्या आणि खेळणी लावायची, कलिंगड कापून त्याचे कमळ करायचे, आंब्याची डाळ आणि पन्हे द्यायचे. लग्नातल्या रुखवतात जुन्या बांगड्यांचे तोरण असे, मण्यांचे पक्षी असत. १७४२ मध्ये नारोशंकर झाशीचे सुभेदार म्हणून आले, आणि त्या सुभेदारीच्या काळात इकडे जी मराठी कुटुंबे वसली त्यांनी हे सारे बुंदेलखंडाच्या मातीत जपले. ज्या गणेश मंदिरात १८४२ मध्ये मणिकर्णिकेचा विवाह होऊन ती झाशीची राणी लक्ष्मीबाई झाली, त्या शहरात हळदीकुंकवाची आरास परकी कधीच वाटली नाही. त्या आरशीचा एक गुण सांगण्यासारखा आहे. सण सरला की बाहुल्या मऊ कापडात गुंडाळून ट्रंकेत जात आणि पुढच्या चैत्रात पुन्हा बाहेर येत. एकेका बाहुलीने तीन-तीन पिढ्यांच्या गौरी पाहिल्या.

छावणीचे घर थोडे वेगळे. इथले क्वार्टर सरकारी, भिंतींचा रंग सरकारी, दोन-तीन वर्षांनी बदलीचा हुकूम ठरलेला. बाहेरून एकसारख्या दिसणाऱ्या घरांच्या रांगेत आपले घर आपले वाटावे म्हणून सैनिकाच्या पत्नीने जे काही केले, त्यातच छावणीची खरी गृहकला आहे. जे काही करायचे ते हलके हवे, काळ्या पेटीत मावणारे हवे आणि ट्रकच्या प्रवासात फुटणारे नको. काचेची फुलदाणी अशा संसारात फार टिकत नाही. प्लास्टिकच्या बाटलीची फुलदाणी या घरांत इतक्या सहजतेने का शिरली, याचे उत्तर या गरजेतच आहे. तिला केवळ हलकी अभिरुची म्हणून नाक मुरडणे अन्यायाचे होईल.

आता ही बाटली आली कोठून?

विद्यालयाची पहिली तुकडी बसली त्या काळात मुलांना ‘बाटली’ म्हटले की गोटी सोड्याची जाड काचेची बाटली आठवे. तोंडाशी काचेची गोटी, आणि ती आत ढकलताच होणारा तो आवाज. हिरम कॉड या इंग्रज गृहस्थाने १८७२ च्या सुमारास ती घडवली. त्या बाटलीतला सोडा विकला जाई, बाटली विकली जात नसे. ती दुकानदाराला परत करावी लागे. गोटीच्या लोभाने एखाद्याने ती फोडलीच, तर घरी त्याचे काय होई हे येथे बसलेल्या ज्येष्ठ माजी विद्यार्थ्यांना विचारावे. १९६५ मध्ये मुंबईत बिसलेरीचे पाणी विकायला आले तेही काचेच्या बाटलीत. शाळेतली मुले तेव्हा माठातले किंवा नळाचे पाणी पीत. ‘पाणी विकत घ्यायचे’ ही कल्पना त्यांना थट्टेची वाटली असती.

ज्या पदार्थाची आजची बाटली बनते तो मात्र तेव्हाही जगात होता. १९४१ मध्ये इंग्लंडमध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन या दोन रसायनशास्त्रज्ञांनी पॉलिएथिलीन टेरेफ्थॅलेट, म्हणजे ज्याला सर्वजण ‘पेट’ म्हणतात, त्याचा शोध लावला. आणि तो लावला कापडासाठी. टेरिलीन, टेरीकॉट ही नावे ज्यांना आठवतात त्यांनी आपल्या तरुणपणी हाच पदार्थ अंगावर घातलेला आहे. त्याची बाटली होऊ शकते हे सिद्ध व्हायला आणखी तीस वर्षे लागली. अमेरिकेतले अभियंता नॅथॅनिएल वायथ यांनी १९७३ मध्ये या बाटलीचे पेटंट घेतले. हे वायथ म्हणजे विख्यात चित्रकार अँड्र्यू वायथ यांचे थोरले बंधू. एका भावाची चित्रे संग्रहालयांत गेली आणि दुसऱ्याची निर्मिती जगातल्या प्रत्येक गटारापर्यंत पोहोचली!

बाटलीत मुलांना शिकवण्याजोगे पुष्कळ आहे, आणि प्रदर्शनात नेमके तेच शिकवायचे राहून जाते. थंड पेयाची बाटली उलटी करून तिचा तळ पाहावा. पाच फुगीर पाकळ्या दिसतात. ही कारखान्याने केलेली शोभा नव्हे. आतल्या वायूचा दाब सोसून बाटली सरळ उभी राहावी म्हणून तळ असा पाच पायांचा करतात. साध्या पाण्याच्या बाटलीत तो दाब नसतो, म्हणून तिचा तळ वेगळा असतो आणि अंगही पातळ. तळापासून दोन बोटे अंतरावर कात्री फिरवली की पाच पाकळ्यांचे फूल तयारच हातात येते. असे वीस तळ दोऱ्यात ओवले की तोरण होते, आणि त्याला रंगाची गरज लागत नाही. हिरव्या बाटलीचे हिरवे फूल, पांढरीचे पाण्यासारखे नितळ.

दुसरी गंमत उष्णतेची. ही बाटली कारखान्यात आधी जाड परीक्षानळीसारखी असते. ती तापवून, उभी ताणून आणि आत हवा फुंकून फुगवतात. दोन्ही दिशांनी बसलेल्या या ताणामुळेच तिला पारदर्शकता आणि ताकद येते. हा ताण बाटली विसरत नाही. साधारण ७०-८० अंश सेल्सिअसच्या पुढे ती नरम पडते आणि आपल्या मूळच्या लहान आकाराकडे आक्रसू लागते. कापलेल्या पाकळीची कड गरम इस्त्रीला हलकेच टेकवली तर ती आतल्या बाजूला सुरेख वळते ती यामुळे. कडांची धारही त्याने बोथट होते आणि लहान मुलांची बोटे कापत नाहीत. इस्त्रीच्या तळाला काही चिकटू नये म्हणून मध्ये एक साधा कागद ठेवावा. मेणबत्तीवर पाकळ्या वळवण्याची जी पद्धत घरोघर दिसते ती टाळलेली बरी; प्लास्टिक जळते, धूर नाकात जातो, आणि मुलाचे बोट पाकळीपेक्षा आधी ज्योतीपाशी पोहोचते.

रंगाविषयीही एक वास्तव. पेटच्या गुळगुळीत अंगाला पाण्यातले रंग धरत नाहीत आणि फेव्हिकॉलही नीट चिकटत नाही. म्हणून घाईघाईत रंगवलेली फुलदाणी प्रदर्शनाच्या तिसऱ्या दिवशी पापुद्रे टाकू लागते. रंग द्यायचाच असेल तर आधी बारीक पॉलिश पेपर फिरवून पृष्ठभाग खरखरीत करावा. पण द्यायचाच असेल तर. या ‘तर’पाशीच या विषयातली खरी अडचण सुरू होते.

कारण रंगवण्याआधी त्या बाटलीला एक गिऱ्हाईक होते.

सायकलवर किंवा हातगाडीवर आवाज देत येणारा भंगारवाला, ज्याला झाशीत सारे कबाडी म्हणतात, तो ही बाटली विकत घेतो. घरातून नाही मिळाली तर रस्त्यावरून, फलाटावरून, उकिरड्यावरून कोणीतरी गरीब बाई किंवा पोर ती वेचते. एका लिटरची पाण्याची बाटली साधारण २०-२५ ग्रॅम भरते. म्हणजे किलोभर वजन व्हायला ४०-५० वेळा वाकावे लागते. या बाटल्यांचे गठ्ठे होतात, गठ्ठे कारखान्यात जातात. तेथे त्या धुतात, त्यांचे बारीक तुकडे करतात आणि ते पाण्याच्या टाकीत टाकतात. बाटलीचा पदार्थ पाण्याहून जड म्हणून तळाशी बसतो, आणि झाकणाचे प्लास्टिक वेगळ्या जातीचे, हलके, म्हणून वर तरंगते. हा प्रयोग घरी बादलीत कोणत्याही मुलाला करता येतो, आणि तो विज्ञानाच्या वहीत लिहिण्याच्या योग्यतेचा आहे. तळाशी बसलेल्या तुकड्यांचा पुढे धागा होतो. उशीत भरायचा कापूस, सतरंजी, थंडीतले स्वेटशर्ट यांत तो जातो. २०१५ च्या विश्वचषकात भारतीय क्रिकेट संघाने घातलेला पोशाख अशाच धाग्याचा होता. प्रत्येक पोशाखास सरासरी ३३ बाटल्या लागल्याचे बनवणाऱ्या कंपनीने जाहीर केले होते. ८ फेब्रुवारी २०२३ रोजी पंतप्रधान संसदेत जे फिकट निळे जाकीट घालून आले तेही बाटल्यांपासून केलेले होते. कापडासाठी जन्मलेला पदार्थ बाटली होऊन पुन्हा कापडाकडे गेला, असा हा फेरा.

आता याच बाटलीला सोनेरी रंग दिला, चमकी लावली, आत सिमेंट किंवा वाळू भरली, हॉट ग्लूने काचमणी आणि लेस चिकटवली, तर कबाडी तिला हात लावत नाही. रंग, डिंक, धातू आणि प्लास्टिक यांची ती खिचडी वेगळी करणे कोणालाही परवडत नाही. प्रदर्शन संपते, दोन महिने ती वस्तू कपाटावर राहते, धूळ खाते, आणि दिवाळीच्या सफाईत कचऱ्याच्या गाडीत जाते. जिला सतरंजी व्हायचे होते तिचा असा शेवट होतो. टाकाऊतून टिकाऊ करण्याच्या नादात, टिकाऊ होऊ शकणारी एक गोष्ट कायमची टाकाऊ केली जाते. ही गोष्ट स्पष्ट बोलायला हवी, कारण ती करणारे हात उत्साही मुलांचे आणि प्रेमळ आयांचे असतात. त्यांना दुखवायचे नाही म्हणून सारेच गप्प बसतात.

प्रदर्शनाची आदली संध्याकाळ आठवावी. रात्रीचे आठ वाजलेले आहेत. मुलगी सांगते, ‘आई, उद्या टाकाऊतून टिकाऊ न्यायचे आहे.’ घरात रिकामी बाटली नाही. मग वडील सदर बाजारात जातात, हिरवी बाटली हवी म्हणून थंड पेय आणतात, ते जगमध्ये ओतले जाते आणि बाटली कात्रीखाली जाते. त्याच फेरीत रंग, चमकी, ग्लूच्या कांड्या आणि प्लास्टिकची फुलेही विकत आणलेली असतात, ती त्या प्लास्टिकच्या फुलदाणीत ठेवण्यासाठी. मुलगी दहा वाजता झोपते. वस्तू बारा वाजता आई पूर्ण करते. सकाळी तिला पहिला क्रमांक मिळतो. त्या बक्षिसातून मुलगी काय शिकली? विकत घेतलेल्या आणि फेकायच्या वस्तूवर चमकी लावली की ती पर्यावरणाची सेवा होते, एवढेच. हा दोष पालकांचा मानणे सोपे आहे. परंतु गुण देणारे हात शिक्षकांचे होते आणि चमकीला गुण त्यांनीच दिले. शाळांनी हा हिशेब आधी आपल्या नावावर मांडला पाहिजे.

याचा अर्थ मुलांच्या हातून कात्री काढून घ्यावी असा नाही. हाताने काही घडवण्याचे सुख परीक्षेच्या गुणांत मोजता येत नाही, आणि ते ज्या मुलाला लहानपणी मिळाले नाही त्याला मोठेपणी कोणतेही क्लास लावून देता येत नाही. प्रश्न एवढाच आहे, की हाती कोणती वस्तू घ्यावी.

चंडीगडचे रॉक गार्डन पाहिलेल्यांना याचे उत्तर तेथे सापडेल. नेकचंद हे रस्त्यांवर देखरेख करणारे साधे सरकारी कर्मचारी. १९५७ च्या सुमारास त्यांनी, नव्या शहरासाठी पाडलेल्या गावांचा ढिगारा, फुटक्या कपबशा, तुटक्या बांगड्या, भट्टीतली खंगरे गोळा करायला सुरुवात केली. सरकारी जंगलाच्या जागेत, कोणाला न सांगता, वर्षानुवर्षे ते मूर्ती घडवत राहिले. हे काम उघडकीस आल्यावर ते पाडले जाण्याची वेळ आली होती. पण १९७६ मध्ये ती बाग लोकांसाठी खुली झाली. तिथल्या बांगड्यांच्या बायका पाहताना लक्षात येते, की या माणसाने जे उचलले त्याला दुसरे कोणीही गिऱ्हाईक नव्हते. तुटकी बांगडी कोणी विकत घेत नाही. म्हणूनच त्याच्या कलेने जगातल्या कचऱ्यातून खरोखर काही कमी केले.

महाराष्ट्रातही हा विचार करणारी माणसे आहेत. पुण्यात १९९३ मध्ये कचरावेचकांची संघटना उभी राहिली, तिचे नाव ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’. या नावाकडे पाहावे. वेचणाऱ्या बायकांनी आपल्या मालाची नावे सांगितली त्यात कागद आला, काच आली, पत्रा आला. प्लास्टिकला त्या नावात जागा मिळाली नाही. आज त्यांच्या पोत्यात ते किती असते हे कोणीही पाहू शकते. याच बायकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था २००८ पासून पुण्यात दारोदार कचरा गोळा करते. त्याच शहरात ‘रीचरखा’ आणि ‘इकोकारी’ हे दोन उद्योग आहेत. तेथे प्लास्टिकच्या पिशव्या आणि चिप्स-बिस्किटांची चकचकीत वेष्टने धुऊन, वाळवून, त्यांच्या लांब पट्ट्या कापतात, चरख्यावर गुंडाळतात आणि हातमागावर विणतात. त्यातून पिशव्या, बटवे, टेबलावरचे रुमाल तयार होतात. त्यांनी बाटली घेतली नाही, वेष्टन घेतले. वेष्टनात प्लास्टिकला चकचकीत पातळ थर जोडलेले असतात, म्हणून कबाडी ते घेत नाही. त्याने नाकारलेल्या मालापासून सुरुवात करायची, हे शहाणपण त्या मागावर आहे, आणि शाळेच्या टेबलावर ते सहज आणता येईल. बिस्किटांच्या पुड्यांच्या पट्ट्यांची चटईवीण पाचवीतल्या मुलाला जमते. आजीकडून खाटेच्या नवारीची वीण पाहिलेल्याला तर लगेच.

बाटलीच वापरायची असेल, तर तिच्या हातून खरे काम करून घ्यावे. तेलकट राहिलेली, चेपलेली, चिखलात मळलेली बाटली घ्यावी, जिला भाव येत नाही. एक वस्तू अशी आहे की ती प्रदर्शनात कधी दिसत नाही, कारण ती दिसायला साधी आहे: बाटलीची दोरी. तळ कापून टाकून कडेपासून गोल-गोल कापत गेले की एका बाटलीतून अनेक मीटर लांब, अखंड, चिवट पट्टी निघते. ही पट्टी झाडूच्या सुटलेल्या मुठीवर, वेताच्या खुर्चीच्या सांध्यावर किंवा कुदळीच्या दांड्यावर घट्ट गुंडाळून गाठ मारावी आणि वरून कढत पाणी ओतावे. मघाशी सांगितलेला तो ताण इथे कामास येतो. पट्टी आक्रसते आणि अशी आवळून बसते की हाताने सुटत नाही. ज्या मुलाने घरातला एक झाडू असा दुरुस्त केला, त्याने फुलदाणी करणाऱ्यापेक्षा अधिक काही केले असे म्हणण्यास हरकत नाही.

बुंदेलखंडाच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. त्या दिवसांत झाकणाला सुईने बारीक भोक पाडून, पाण्याने भरलेली बाटली तुळशीच्या किंवा मोगऱ्याच्या कुंडीत उलटी खोचली, तर थेंब-थेंब पाणी मुळाशी जाते आणि सुट्टीत गावी गेलेल्या घराची कुंडी चार दिवस तग धरते. मात्र अशी बाटली सतत उन्हात ठेवली की वर्षा-दोन वर्षांत पिवळी पडते, ठिसूळ होते आणि तिचे तुकडे मातीत मिसळू लागतात. म्हणून ती सावलीच्या बाजूस खोचावी आणि ठिसूळ होण्याआधी काढून घ्यावी. बाटल्यांच्या टांगत्या बागा भिंतीवर करणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

आकाशकंदील बाटलीचा सुंदर होतो, त्यात एलईडीचा लहान दिवा असेल तर. जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब त्याला वाकवतो, आणि पणती तर त्यात कधीही ठेवू नये.

ब्राझीलमधल्या उबेराबा गावचे मेकॅनिक आल्फ्रेडो मोझर यांनी २००२ मध्ये केलेला उपयोग सर्वांत साधा आणि सर्वांत मोठा. तेव्हा त्यांच्या देशात वीजटंचाई होती. त्यांनी बाटलीत पाणी भरले, पाणी हिरवे पडू नये म्हणून थोडे ब्लीच घातले आणि ती पत्र्याच्या छपरात अर्धी वर, अर्धी खाली अशी बसवली. सूर्यप्रकाश पाण्यातून वळून खोलीभर पसरतो आणि दिवसा अंधाऱ्या झोपडीत बल्ब लावल्यासारखा उजेड पडतो. फिलिपिन्समध्ये पुढे हजारो झोपड्यांवर अशा बाटल्या बसल्या. ही बाटली रंगवलेली नाही, तिच्यावर लेस नाही. तरीही त्या घरातल्या बाईला ती घरातली सर्वांत सुंदर वस्तू वाटत असली तर नवल नाही.

कायद्याविषयी थोडक्यात. महाराष्ट्राने २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने प्लास्टिकच्या पिशव्या व सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आणली, आणि १ जुलै २०२२ पासून सजावटीचे थर्माकोल देशभर बंद झाले. गणपतीच्या मखराला काय वापरायचे, हा प्रश्न त्यामुळे इथल्याही मराठी घरांपुढे आला आणि काहींनी थर्माकोलच्या जागी बाटल्या आणल्या. मखरासाठी बाटल्या नुसत्या दोऱ्याने किंवा तारेने बांधाव्यात. विसर्जनानंतर दोर कापला की सगळ्या सुट्या होऊन कबाडीकडे जाऊ शकतात. महाराष्ट्राच्या त्याच अधिसूचनेत बाटली परत करणाऱ्यास एक-दोन रुपये मिळावेत, अशी तरतूदही होती. जर्मनीत २००३ पासून एकदा वापरायच्या बाटलीवर अनामत घेतात. आज ती २५ सेंट आहे. गोटी सोड्याच्या दुकानदाराला जे समजत होते तेच हे. पैसे परत मिळणार असले की बाटली रस्त्यावर पडून राहत नाही.

पंजाब मेल १९१२ पासून धावते आहे. तिच्या खिडकीतून पूर्वी प्रवासी उतरून फलाटावरच्या नळावर सुरई भरून घेत. आज झाशी स्थानकात, ज्याचे नाव आता वीरांगना लक्ष्मीबाई झाशी आहे, गाडी थांबली की प्रत्येक डब्यातून रिकाम्या बाटल्या बाहेर येतात. कार्यानुभवाच्या तासाला लागणारा कच्चा माल या गावाला कधीच कमी पडणार नाही. म्हणूनच कमी वापरावा कसा, हा प्रश्न आधी, आणि फुलदाणी नंतर. आजच्या मेळाव्यात पाण्याच्या बाटल्या दिसत नाहीत, बाहेर मांडवात माठ आणि पितळी भांडी आहेत, याचे कारण बहुतेकांच्या लक्षात आले असेल. माठ माजी विद्यार्थ्यांनी दिले आहेत.

हीरक महोत्सवी प्रदर्शनाचे टेबल शेजारच्या सभागृहात मांडले आहे. या वर्षी प्रत्येक वस्तूपुढच्या चिठ्ठीवर हजेरी क्रमांकाखाली आणखी तीन ओळी मुलांना स्वतःच्या अक्षरात लिहायला सांगितल्या आहेत: माल कोठून आला, कबाडीने तो घेतला असता का, आणि ही वस्तू घरात कोण वापरणार आहे. परीक्षण या ओळींचे आहे. काही चिठ्ठ्यांवर तिसरी ओळ कोरी आहे. मुलांनी प्रामाणिकपणे ती कोरी ठेवली आहे, आणि त्यांचेही गुण कापले जाणार नाहीत. सातवीतल्या एका मुलाने एकही वस्तू मांडलेली नाही. त्याने घरातल्या महिनाभराच्या बाटल्या धुऊन, झाकणे वेगळी करून, दोन पोत्यांत भरून आणल्या आहेत, आणि चिठ्ठीवर कबाडीने दिलेल्या भावाचा हिशेब मांडला आहे. पोती दाराजवळच आहेत. पाहायला जाताना त्यांना पाय लागू नये एवढी काळजी घ्यावी.